आई, उठलीस कशाला?

मृग लागला की आमच्या डिचोली भागात दोन गोष्टी ठरलेल्या. पहिल्या सरीला वीज जाते, आणि पहिल्या पंधरवड्यात कुणाची तरी आई नाहीतर आजी पडते. मग फोनाफोनी. "कुठे पडली?" "मागच्या दारी, विहिरीकडे." "काय मोडलं?" "खुबा." पुढचं कुणी विचारत नाही, कारण पुढचं सगळ्यांना ठाऊक असतं. वय झालं होतं, शेवाळ केवढं माजलंय यंदा, भोग म्हणायचे, असं दोन्हीकडून म्हणून झालं की फोन ठेवायचा.

शेवाळावर खापर फोडणं सोयीचं आहे. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो, तोही बहुतेक सगळा चार महिन्यांत, आणि चिऱ्याची पायरी बघता बघता हिरवी होते. ब्लीचिंग पावडर टाकून खराट्याने घासली तरी थोड्या दिवसांनी पुन्हा तीच गत. पण माझी मावशी काही शेवाळावर पडली नाही. ती पडली एप्रिलात, भर दुपारी, कोरड्या ठणठणीत टाइल्सवर, स्वतःच्या हॉलमध्ये.

तेव्हा ती ७६ वर्षांची होती. हातात पाण्याचा तांब्या घेऊन स्वयंपाकघराकडे चालली होती. मागे टीपॉयवर मोबाइल वाजला. त्या वेळेला दुबईहून मुलाचा फोन येतो, म्हणून ती झटकन वळली. पाय होते तिथेच राहिले, अंग फिरलं, आणि डाव्या कुशीवर गेली. कामाला येणारी बाई दारातच उभी होती. "घसरली नाय, कशाला अडखळली पण नाय, तशीच गेली," असं ती आजही सांगते. तांब्या मात्र मावशीने सोडला नव्हता. पाणी सांडू नये म्हणून हात वर धरलेला, आणि अंगाचा सगळा भार खुब्यावर.

उभं राहणं आपल्याला फुकटात मिळाल्यासारखं वाटतं. तसं ते नाही. नुसते उभे असतो तेव्हाही अंग सतत किंचित डोलत असतं. डोळे, कानाच्या आतला तोलाचा अवयव, आणि तळपाय-घोट्यांकडून येणारी खबर या तिघांच्या भरवशावर मेंदू ते डोलणं आवरत असतो. झोक थोडा असेल तर घोटा सावरतो, त्याहून जास्त असेल तर कंबर. तेवढ्यानेही भागलं नाही तर पाय उचलून टाकावा लागतो. हे पाऊल सेकंदाच्या आत पडलं तर "बाई गं, पडले असते" म्हणून आपण पुढे चालू लागतो. नाही पडलं तर जमीन. तरुणपणी दिवसाकाठी असे कितीतरी झोक जातात, त्यांची गणती कोण ठेवतं?

म्हातारपणी नेमकं हे पाऊल हरवतं. मांडीत जोर असूनही हरवतं, कारण ताकदीच्याही आधी ताकदीचा वेग जातो. स्नायूंमधले झटकन आखडणारे तंतू वयाबरोबर आधी आणि जास्त झिजतात. माणूस सावकाश जिना चढेल, भाजीची पिशवीही उचलेल, पण अचानक तोल गेल्यावर पाय वेळेवर पोचणार नाही. त्यात बायकांच्या वाट्याला आणखी एक गोष्ट येते. स्नायूंचं भांडवल पुरुषांच्या मानाने मुळातच कमी, आणि आपल्याकडे पाळी जाते साधारण ४६-४७व्या वर्षी. इस्ट्रोजेन आटलं की पुढची काही वर्षं हाडं भराभर विरळ होतात. पडणंही वाढतं आणि पडल्यावर मोडणंही.

मनगट आणि खुबा यांचा हिशेब मला फार बोलका वाटतो. पन्नाशी-साठीतली बाई पडली की बहुधा मनगट मोडतं. ती भरभर चालत असते, पुढे झेपावते, आणि हात आपोआप पुढे येतो. पंचाहत्तरीनंतर मनगटाचा मान खुब्याला मिळतो. चाल मंदावलेली असते, वळताना किंवा उभ्या उभ्या ती कुशीवर कोसळते, आणि हात पोचायच्या आत खुबा पोचतो. म्हणजे वयाच्या साठीला ज्या मैत्रिणीचा हात प्लॅस्टरमध्ये आहे, तिला "बरं झालं, हातावर निभावलं" म्हणून सोडून देऊ नये. तिच्या हाडांची तपासणी तेव्हाच करायला हवी. आमच्याकडे प्लॅस्टर निघालं की नारळ फोडतात आणि विषय संपतो.

खुब्याचं दुखणं प्लेट-स्क्रू घालून संपत नाही. निरनिराळ्या देशांतले आकडे पाहिले तर खुबा मोडलेल्या म्हाताऱ्या माणसांपैकी पाचातलं एक तरी वर्षाच्या आत दगावतं. उरलेल्यांतले पुष्कळजण पूर्वीसारखे चालत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसं पडून मरतात. अपघाती मरणांमध्ये वाहन अपघातांच्या खालोखाल हेच कारण. हेल्मेट नाही म्हणून पोलीस चलन फाडतो, त्यावर आपण रस्त्यावर उभं राहून वादही घालतो. न्हाणीघरात धरायला दांडी नाही, यावर कुणी कुणाशी भांडल्याचं ऐकिवात नाही.

मावशीच्या पायांतली ताकद एका दुपारी गेली नव्हती. ती आठ-दहा वर्षं जात होती, आणि सगळ्या घराचा तिला हातभार होता.

जुन्या घरात ती विहिरीचं पाणी शेंदायची. आदोळीवर बसून नारळ खोवायची. खाली बसायचं आणि हात न टेकता उठायचं, हे दिवसातून किती वेळा होई याचा हिशेब नव्हता. जेवण पाटावर, परसाकडला उकिडवं, देवाला फुलं काढायची तर चवड्यांवर उभं राहून. मग मुलगा परदेशी गेला, चार पैसे आले, घर नवं झालं. कोब्याच्या जागी आरशासारख्या टाइल्स, पाटाच्या जागी डायनिंग टेबल, कमोड, नळ, मिक्सर. खोवलेला नारळ पुडीतून येऊ लागला. यातली एकही गोष्ट वाईट नाही. गुडघे धरलेल्या बाईला कमोड म्हणजे देवच भेटल्यासारखं वाटतं. पण उठणं-बसणं, वाकणं, उचलणं, चढणं यांपैकी एकेक काम घराबाहेर गेलं, तेव्हा त्याच्या जागी दुसरं काही आलं नाही. सोफा आला.

त्याहून मोठा वाटा मायेचा. "आता बसून खा. आयुष्यभर राबलीस." गोव्यातल्या कुठल्याही चांगल्या घरात सासूला मिळणारा हा सगळ्यात मोठा मान. सून चांगली असेल तर पाण्याचा ग्लाससुद्धा हातात आणून देते. शेजारी कौतुक करतात, सासू चारचौघांत सांगते, "माझी सून मला काडी उचलू देत नाही." म्हातारीच्या मांड्या इकडे वितळत चालल्या आहेत, हे कुणाच्या गावीही नसतं.

माझ्या मावसभावाने हॉलमध्ये कॅमेरा बसवला होता. त्याची काळजी खरी होती, त्याला नावं ठेवायची माझी इच्छा नाही. सून मुलांच्या शाळेसाठी पर्वरीला, आई गावात एकटी, आणि तो समुद्रापलीकडे. त्याने दुसरं काय करावं? पण त्या कॅमेऱ्याचा एक स्पीकरही होता. मावशी सोफ्यावरून उठून खिडकीकडे गेली की भिंतीतून आवाज यायचा, "आई, उठलीस कशाला?" एकदा मी समोर बसले होते. ती निमूट परत येऊन बसली आणि मला डोळ्यांनी खुणावलं, बघ, लक्ष असतं हो त्याचं. तिला त्यात अभिमान होता. मला त्या वेळी हसू आलं होतं.

एक सांगायला हवं. जुने दिवस फार चांगले होते, बायका घाम गाळायच्या म्हणून ठणठणीत असायच्या, असलं गोडवे गाणं मला पटत नाही. त्याच बायकांचे गुडघे साठीच्या आत कामातून जायचे. डोक्यावरून ओल्या गवताचे भारे वाहून माना जायच्या. आणि पडायच्याही. माझी आजी पडली तेव्हा तिला खाटेवर निजवून पायाला विटा लटकवल्या होत्या. घरात "ती अंथरुणाला खिळली" एवढंच म्हटलं गेलं, आणि पुढच्या गणेशचवथीला ती नव्हती. तिचा खुबा मोडला होता हे आम्हाला कुणी सांगितलं नाही, कारण कुणी फोटोच काढला नव्हता. कष्ट म्हणजे व्यायाम नव्हे. कष्टात शरीराच्या सोयीचं काही नसतं. पण त्या कष्टांबरोबर जे उठणं-बसणं जात होतं, त्याचा पर्याय आपण शोधला नाही, हेही तितकंच खरं.

आणि हा चार घरांचा प्रश्न नाही. २०११च्या जनगणनेत साठीपुढची माणसं देशात ८.६ टक्के होती, गोव्यात ११.२. आपल्यापुढे फक्त केरळ. त्यानंतर आपण म्हातारेच होत आलोय. पोरं दुबईला, बोटीवर, पुण्याला, आणि वाड्यावाड्यात मोठमोठी घरं, ज्यांत एक बाई आणि एक टीव्ही.

मावशीचं ऑपरेशन वेळेत झालं, हे तिचं नशीब. घरी आल्यावर एक फिजिओथेरपिस्ट मुलगी येऊ लागली. वयाने आमच्या नातवंडांच्या जवळची, बोलायला फटकळ. पहिल्याच दिवशी तिने मावशीला खुर्चीत बसवलं आणि म्हणाली, "आजी, हात छातीशी घ्या आणि उठा." मावशीने आमच्याकडे असं पाहिलं, की जणू तिला दोरीवर चालायला सांगितलंय. दोन्ही बाजूंनी आधार देऊन ती कशीबशी उठली. मग मुलीने जुन्या चादरीच्या दोन पिशव्या शिवायला लावल्या, त्यांत वाळू भरली, आणि घोट्यांना बांधून पाय मागे-पुढे-बाजूला उचलायला लावले. वाळू वजन करून भरली होती. काही आठवड्यांनी ती पिशव्या उघडून आणखी वाळू घालायची आणि मावशी कुरकुरायची, "परत वाढवलंस गे?"

या वयात ताकद येते का, हा प्रश्न मी तिला विचारलाच. तिने मला १९९० सालचा एक प्रयोग सांगितला. अमेरिकेत बोस्टनच्या एका वृद्धाश्रमात ८६ ते ९६ वयाच्या दहा जणांना मांडीचा वजनांचा व्यायाम दिला होता. आठ आठवड्यांनी, ज्या नऊ जणांनी तो पुरा केला त्यांची मांडीची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. नव्वदीच्या माणसांची! पुढे न्यूझीलंडमध्ये ओटागो विद्यापीठातल्या लोकांनी घरच्या घरी करायच्या व्यायामांचा कार्यक्रम आखला. १९९७ साली छापून आलेला त्यांचा पहिला मोठा प्रयोग फक्त ऐंशीच्या पुढच्या बायकांवर होता. घोट्याला वजन बांधून पाय उचलणं, खुर्चीतून उठणं, टाचेला चवडा लावून सरळ रेषेत चालणं, मागे चालणं, बाजूला चालणं. आठवड्यातून तीनदा अर्धा तास, शिवाय थोडं फिरणं. त्यांच्या सगळ्या प्रयोगांची बेरीज केली तेव्हा पडण्याचं प्रमाण ३५ टक्क्यांनी कमी झालेलं दिसलं. माझ्या मावशीच्या वाळूच्या पिशव्या तिकडून आल्या होत्या.

"पण मी रोज सकाळी चालते की," असं आमच्यातली प्रत्येक बाई म्हणते. मीही त्यातली. मिरामारच्या समुद्रावर, मयेच्या तळ्याकडे, सकाळी शूज घालून निघालेल्या बायका पाहिल्या की बरं वाटतं. हृदयाला, साखरेला, मनाला ते उत्तमच. पडणं टाळायला मात्र नुसतं चालणं पुरत नाही. २०१९ साली शंभरावर प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला गेला. त्यात व्यायामाने पडणं सरासरी २३ टक्क्यांनी कमी होतं असं दिसलं, पण तो व्यायाम तोलाला आव्हान देणारा होता. उभं राहून, आधार कमी करत, पाय जवळ घेत, वजन इकडून तिकडे टाकत केलेला. ताई ची या संथ चिनी व्यायामानेही सुमारे पाचव्या हिश्शाने घट दिसली. सपाट रस्त्यावर सरळ चालताना तोलाची परीक्षा होतच नाही. परीक्षा होते ती वळताना, मागे सरताना, उंबरठा ओलांडताना, आणि बसच्या पहिल्या पायरीवर. ती पायरी कुणासाठी एवढी उंच केलीय देव जाणे. चढणारी अजून लोंबकळत असते आणि कंडक्टर शिट्टी मारतो.

शिवाय बोलता बोलता चालणं. १९९७ मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी एक साधी गोष्ट पाहिली होती. म्हाताऱ्या माणसाबरोबर चालताना त्याच्याशी बोलायला लागायचं. उत्तर देण्यासाठी जे थबकत होते, त्यांतले बहुतेक जण पुढच्या सहा महिन्यांत पडले. ज्याचं चालणंच सगळं लक्ष खातं, त्याच्याजवळ दुसऱ्या कशासाठी लक्ष शिल्लक नसतं. मावशीच्या त्या फोनचा मला आता वेगळाच अर्थ लागतो.

या सगळ्या गोष्टी मी आमच्या सातेरीच्या देवळातल्या बायकांना सांगितल्या. चवथीच्या आधी फुगडीच्या स्पर्धेची तालीम असते, म्हणून सभागृहात संध्याकाळी जमतोच. पन्नाशीच्या आतल्या नाचतात आणि साठीपुढच्या भिंतीला टेकून चुका काढतात. फिजिओ मुलगी एकदा माझ्याबरोबर आली. तिने प्लास्टिकची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवली, मोबाइलवर वेळ लावली. तीस सेकंद, हात छातीवर, पूर्ण उठायचं आणि पूर्ण बसायचं. बायकांसाठी अमेरिकेतल्या रोगनियंत्रण केंद्राने दिलेले आकडे तिने फळ्यावर लिहिले. साठ ते चौसष्ट वयाला १२, पासष्ट ते एकोणसत्तरला ११, सत्तर ते एकोणऐंशीला १०, ऐंशी ते चौऱ्याऐंशीला ९. त्याखाली गेलं तर पडण्याचा धोका जास्त.

आधी कुणी उठेना. मग अंगणवाडीतून निवृत्त झालेली वहिनी पुढे झाली, आणि एकदा सुरू झाल्यावर त्याची स्पर्धाच झाली. "ही अर्धीच उठली, धरू नका!" "तिची खुर्ची उंच होती!" एका बाईचा मुलगा मोठा अधिकारी, दाराशी गाडी, हातात बांगड्या भरून. ती चारदा उठली आणि पाचव्यांदा हात खुर्चीच्या काठावर गेला. चेहरा पडला तिचा. कुणी हसलं नाही, हे आमच्या मंडळाच्या मानाने विशेषच. मी आकडा जेमतेम गाठला आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्यांनी त्याची पावती दिली.

सगळ्यांना मागे टाकलं ते ७२ वर्षांच्या एका काकीने. तिची डोंगराच्या उतारावर काजूची बाग आहे. मार्च ते मे रोज सकाळी तिथे काजू वेचते. मी तिच्या पायांकडे बघत राहिले. चपला दाराशी काढलेल्या, पायाची बोटं एकमेकांपासून फाकलेली, अंगठा जमिनीला चिकटलेला, आणि प्रत्येक वेळी उठताना पाचही बोटं आधी जमीन पकडत होती. उतारावर वाळलेल्या पानांवरून उतरताना हेच होत असणार. तिला विचारलं, पडलीस का कधी? म्हणाली, "पडते की! दर साली पडते. पण बसते मी, आपटत नाही."

एका पायावर उभं राहण्याची चाचणी त्याच दिवशी झाली. ब्राझीलमध्ये ५१ ते ७५ वयाच्या १७०२ माणसांना दहा सेकंद एका पायावर उभं केलं होतं, साधारण पाचातल्या एकाला जमलं नाही. २०२२ साली ते निष्कर्ष आले तेव्हा वर्तमानपत्रांनी "दहा सेकंद उभे राहा, नाहीतर मरा" अशा थाटात छापले. ज्यांना जमलं नाही त्यांच्यात पुढच्या काही वर्षांत मृत्यूचा धोका ८४ टक्क्यांनी जास्त दिसला, हे खरं. पण पाय उचलून धरल्याने आयुष्य वाढत नाही. ज्याचं शरीर आतून खालावलंय त्याचा पाय लवकर टेकतो, एवढाच त्यातला अर्थ. आम्ही भिंतीजवळ उभ्या राहून केलं, आणि देवळातली घड्याळाची टिकटिक एवढी मोठी कधी वाटली नव्हती.

चष्म्याचं आणि गोळ्यांचं प्रकरण व्यायामात बसत नाही, पण ते वगळून चालणार नाही. एकाच काचेत दूरचं-जवळचं दोन्ही असलेल्या चष्म्यातून खाली पाहिलं की पायरीची कड धूसर दिसते. जिना उतरताना हा चष्मा घात करतो. मोतीबिंदूचं आमच्याकडे अजून "पिकू दे, मग बघू" असंच चालतं. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमला सत्तरीपुढच्या बायकांवर अभ्यास झाला, २००५ मध्ये तो छापला गेला. पहिल्या डोळ्याचं ऑपरेशन लवकर केलेल्यांचं पडणं ३४ टक्क्यांनी कमी झालं. डोळ्याचं ऑपरेशन हा खुब्याचाही उपाय आहे, हे माझ्या डोक्यात कधी आलं नसतं. झोपेच्या गोळ्या, रक्तदाबाच्या गोळ्या, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या रात्री घेतल्या की अंधारात उठणं आलंच. उठल्यावर रक्तदाब एकदम उतरला की डोळ्यांपुढे काजवे. डॉक्टरला "बसवून मोजलात, आता उभं करून मोजा" असं सांगायला काही पैसे पडत नाहीत. आणि तो गाऊन! घराघरातल्या बायकांचा तो फुलाफुलांचा, घोट्याखाली लोळणारा गाऊन. उठताना त्याची कड पायाखाली येते. चार बोटं वर दुमडून टाका घातला की झालं.

जेवणाबद्दल बोललं की बायका विषय बदलतात. एकटी बाई स्वतःपुरतं काय शिजवणार? सकाळी पेज आणि लोणचं, दुपारी भात आणि कालचं हुमण, म्हणजे माशाची आमटी, रात्री चहा-बिस्किट. सोमवार, एकादशी, संकष्टी हे वेगळंच. वयस्क माणसाला दर किलो वजनामागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं लागतात असं तज्ज्ञ सांगतात. पन्नास किलोच्या बाईला पन्नास-साठ ग्रॅम. बांगड्याच्या शंभर ग्रॅम मांसात वीसेक ग्रॅम मिळतात. पण घरात बांगडा आला की मधला तुकडा नातवाचा, आणि आजीच्या पानात डोकं. तिला डोकंच आवडतं असं सगळ्यांना वाटतं. मावशीने मला हल्लीच सांगितलं की तिला ते कधीच आवडलं नाही.

मावशी आता ७८ वर्षांची आहे. काठी घेते, पण घरात ती कोपऱ्यात उभी असते. भिंतीतला आवाज बंद झाला, कारण फिजिओ मुलीने मावसभावाला व्हिडिओ कॉलवर चांगलं झापलं. आता तो फोन करून विचारतो, "आई, उठलीस का?" तोच कॅमेरा, तोच मुलगा. नारळ खोवायला ती पुन्हा बसते, जमिनीवर नाही, बुटक्या स्टुलावर. भीती पुरती गेलेली नाही. वळायचं असलं की आधी थांबते, पावलं छोटी छोटी टाकत फिरते, आणि मोबाइल आता टीपॉयवर न ठेवता गळ्यात अडकवते.

फिजिओ मुलीने देवळात शेवटी शिकवलं ते सगळ्यात मजेचं, म्हणजे पडल्यावर उठायचं कसं. केंब्रिजमध्ये नव्वदीपुढच्या लोकांचा अभ्यास झाला होता, तो २००८ मध्ये छापून आला. पडलेल्यांपैकी ८० टक्के जणांना निदान एकदा तरी स्वतःहून उठता आलं नव्हतं, आणि ३० टक्के तासभर किंवा त्याहून जास्त जमिनीवर पडून होते. हाड न मोडताही तसं पडून राहणं अंगावर बेततं. म्हणून आधी घाई करायची नाही. श्वास घ्यायचा, काय दुखतंय ते बघायचं. फार दुखत असेल तर हलायचं नाही, हाक मारायची, १०८ला फोन. नाहीतर कुशीवर वळायचं, कोपरावर, मग हात आणि गुडघे टेकून रांगत जवळच्या खुर्चीपाशी. खुर्चीवर दोन्ही हात, जो पाय बळकट तो पुढे, आणि जोर लावून वर.

सतरंजीवर दहा-बारा बायका ओळीने रांगताहेत, मधूनच कुणीतरी हसून आडवी होतेय, असं चाललेलं असताना देवस्थानचे सेक्रेटरी हिशेबाची वही घेऊन आत आले. दोन मिनिटं दारातच उभे. "हे काय चाललंय?" काजूवाली काकी खालूनच म्हणाली, "उठायची तालीम." त्यांनी वही काखेत मारली आणि देवळाच्या पायऱ्यांना रेलिंग बसवायचा आमचा अर्ज पुढच्या सभेत घेऊ असं सांगितलं. तो अर्ज तिथे बराच काळ पुढच्या सभेत आहे. तालीम दर गुरुवारी करायची असं ठरलंय, फक्त सतरंजी ज्याची त्याने आणायची, कारण देवस्थानची सतरंजी भजनाला लागते.